रज्जाकभाऊंच्या खिडकीची कडी

रज्जाकभाऊ, तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले आणि दुकानातलं तुमचं मशीन अजून चालूच आहे. त्या सोमवारी सकाळी तुम्ही सुरू केलंत, तसंच. भाभी रोज म्हणतात, "बंद कर बाई ते एकदाचं. आतल्या खोलीत बसलं तरी कुनीतरी घोरतंय असं वाटतं." मी रोज म्हणते, उद्या करते. भाभींना वाटतं, तुमच्या वस्तूला हात लावायला मला जड जातंय. तसं काही नाही. तुमच्या वस्तूंना हात लावून बोलणी खायची मला दहा वर्षांची सवय आहे.

खरं कारण वेगळं आहे. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की नाही, याचं उत्तर त्या मशीनमध्ये आहे, आणि मशीन बंद केलं की ते पुसलं जाणार. बघायची हिंमत नव्हती आणि न बघता बंद करायचीही नव्हती. म्हणून ते नऊ दिवस घोरतंय आणि मी समोर बसून चहा पितेय. आज मात्र ठरवून आले. पण लगेच बघणार नाही. आधी तुमच्याशी थोडं बोलू द्या. आज तुम्ही मधेच तोडणार नाही, एवढी सोय आहे.

आपली पहिली भेट आठवते का? आमच्या शिरगावच्या विहारातला ॲम्प्लिफायर दर वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी न चुकता बिघडायचा आणि तुम्ही न चुकता स्कूटरवर हजर व्हायचात. मी तेव्हा शाळेत होते. तुम्ही मागचं झाकण काढलंत आणि मला टॉर्च धरायला लावलीत. म्हणालात, "हितनं आवाज आत जातो. तितनं मोठा हून भायेर येतो. मधी कोन काय करतंय, त्येवढंच बघायचं. आख्खी दुनिया मधीच असती." तुमच्या त्या एका वाक्यावर मी पुढे डिप्लोमा केला, असं आई सांगते. आई थोडं वाढवून सांगते.

डिप्लोमा करून सोमाटणे फाट्यावर तुमच्या दुकानात आले तेव्हा बाहेर पाटी होती, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. आत मात्र एकही टीव्ही नव्हता. टीव्ही दुरुस्त करून घ्यायचं लोकांनी सोडलं तेव्हा तुम्ही चाळिशी ओलांडली होती. दुसऱ्या कुणी दुकानाला कुलूप लावलं असतं. तुम्ही सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलात. मॅन्युअलची पानं छापून आणलीत, दोऱ्यानं शिवलीत आणि इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसलात. आजूबाजूच्या कारखान्यांतल्या आणि परंदवडीच्या पॉलीहाऊसमधल्या यंत्रांना कॉम्प्युटरशी बोलायला शिकवायचं काम तुम्ही एकट्यानं उभं केलंत. पाटी का बदलत नाही, विचारलं तर म्हणालात, "काय लिवू? सोंगाडे करून मिळतील?"

तो सोंगाड्या तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात दाखवलात. पुस्तकात त्याला सूडोटर्मिनल म्हणतात. पूर्वी मोठ्या कॉम्प्युटरला तारेनं एक खरं यंत्र जोडलेलं असायचं, पडदा आणि कीबोर्ड असलेलं. आता ते यंत्र नाही आणि तारही नाही, पण त्यांचं सोंग शिल्लक आहे. त्याला दोन टोकं असतात. एक टोक आपल्या प्रोग्रामच्या हातात, आणि दुसऱ्या टोकाला जो कुणी येऊन बोलतो त्याला वाटतं आपण खऱ्या यंत्राशीच बोलतोय. आपण पडद्यावर उघडतो ती प्रत्येक काळी खिडकीसुद्धा असंच एक सोंग. हे ऐकून मी आ वासला, आणि तुम्ही इतके खूश झालात की भजी मागवलीत.

मग चार पायऱ्या. त्या तुम्ही बोटांवर मोजून घ्यायचात. पहिली, आपलं टोक उघडायचं. दुसरी, ग्रँट-पीटी. ती पलीकडच्या टोकाला मालकाचं नाव लावते आणि कुणाला काय परवानगी ते ठरवते. तिसरी, अनलॉक-पीटी, म्हणजे कुलूप काढणं. चौथी, पलीकडच्या टोकाचा पत्ता विचारणं. "खोली बांदली, नाव लावलं, कुलूप काढलं, मग पत्ता सांगितला. ह्याच्यात मागंपुढं केलंस तर पावना रस्त्यावर." दहा वर्षांत मी किती प्रोग्राम लिहिले कोण जाणे, पण त्या चार ओळी लिहिताना अजूनही अंगठा करंगळीवर जातो.

आणि परवानगीचा आकडा, ६२०. तो तर तुमचा जीव की प्राण. वाचायचे चार, लिहायचे दोन. मालकाला सहा, म्हणजे त्यानं वाचावं आणि लिहावं. गटातल्या ओळखीच्या माणसाला नुसते दोन, म्हणजे त्यानं लिहावं, पण वाचू नये. बाकी जगाला शून्य. तुम्ही म्हणायचात, "वळखीच्यानं यावं, फटीतनं चिठ्ठी टाकावी आन् जावं. घरातलं वाचत बसू न्हये." असं साधं, सभ्य काहीतरी त्या खिडकीत बसवून ठेवणारा माणूस कुठल्या देशात कोण होता कुणास ठाऊक, पण तो सोमाटण्यात आला असता तर तुम्ही त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

एवढं सगळं शिकून आपण दोघांनी त्याचा उपयोग काय केला? चिठ्ठ्या टाकल्या. सहा फुटांच्या दुकानात पाठीला पाठ लावून बसायचो, एकाच मशीनला दोन पडदे आणि त्यांवर दोघांच्या खिडक्या, आणि तोंडानं बोलायचं सोडून तुम्ही केलेल्या 'चिठ्ठी' नावाच्या प्रोग्राममधून एकमेकांच्या पडद्यावर ओळी लिहायचो. तुम्ही आपल्या दोघांनाही त्या गटात घालून ठेवलं होतं. "चहा?" "भाभीला विचारा." "ती न्हाई म्हनती." "मग कशाला विचारलंत?" भाभी दारात उभ्या राहून बघायच्या, दोघं खाली मान घालून खुसखुसतायत, आणि म्हणायच्या, "काम करतायत का मस्करी?" दोन्ही, भाभी. बहुतेक दिवस दोन्ही.

आणि तुमचा राग. तो किती सोयीचा होता. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. मशीनला एक आज्ञा द्यायचात आणि तुमच्या खिडकीवरचा गटाचा तो दोनचा आकडा काढून घ्यायचात. आपण त्याला कडी लावणं म्हणायचो. मग मी चिठ्ठी टाकली की माझ्याच पडद्यावर उत्तर यायचं, परवानगी नाही. तुमची पाठ माझ्याकडे, माझी तुमच्याकडे, आणि मधे कडी. तुमची साखर वाढली असताना मी भाभींना तुम्ही लपवलेल्या फज मिठाईच्या डब्याची जागा दाखवली तेव्हा ती संध्याकाळपर्यंत राहिली होती. एरवी चहाच्या वेळेला निघायची. चहा येताना ऐकू आला की तुम्ही हळूच आज्ञा द्यायचात आणि माझ्या पडद्यावर ओळ यायची, "बिस्कीट हाय का." विषय संपला.

आता परंदवडीचं सांगते. तुम्ही ते दर पाहुण्याला सांगायचात, आणि दर वेळी माझी चूक थोडी मोठी व्हायची. आज मी सांगते, म्हणजे खरं काय ते एकदा नोंदलं जाईल.

परंदवडीच्या आबांचं गुलाबाचं पॉलीहाऊस. आत हवा तापली की वरच्या नळ्यांतून बारीक तुषार सोडायचे, ते फॉगर. कंट्रोलचं सॉफ्टवेअर फॉगरच्या पेटीला आकडा पाठवायचं, किती मिनिटं चालू राहायचं त्याचा. हुकूम वाटेत कुठे हरवतात ते शोधायला आपण मधे एक सोंगाड्या बसवला. सॉफ्टवेअरला वाटायचं आपण पेटीशीच बोलतोय. खरं तर आपला प्रोग्राम ऐकायचा, लिहून ठेवायचा आणि आकडा पुढे पेटीला द्यायचा. ऐकायचा भाग मी लिहिला होता. ओळीच्या सुरुवातीला आकडा दिसला की तेवढी मिनिटं, पुढचं काही बघायचं नाही.

तुम्ही त्या सोंगाड्याला ६०० लावला होता. माणसाच्या खिडकीला ६२०, यंत्राच्या खिडकीला ६००, फक्त मालक, दुसरं कुणी नाही. पण सॉफ्टवेअर मशीनवर वेगळ्याच मालकाच्या नावानं चालायचं, म्हणून त्याला परवानगी नाही असं येऊ लागलं. नीट करायचं तर सोंगाड्याची मालकी त्या नावावर करायची. मी घाईत होते. मी ६६६ केलं. सगळ्या जगाला वाचा आणि लिहा. झटकन चाललं. तुम्हाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांकडे दाखवायचं होतं. मी लोणावळ्याला बहिणीकडे होते, तिथून लॅपटॉपवरून आबांच्या मशीनमध्ये शिरलेले. तुम्ही सकाळी फोनवर सांगितलंत, "मी तीन नंबरच्या खिडकीत हाय." नंतर तुम्ही ती खिडकी बंद करून पुन्हा उघडलीत, आणि मधल्या वेळात सोंगाड्या सुरू झाला. खिडक्यांचे नंबर रिकामे झाले की पुढच्याला मिळतात. तुम्हाला चार मिळाला आणि तीन मिळाला सोंगाड्याला. मला काय ठाऊक? मी निघताना चिठ्ठी टाकली, तीन नंबरला. "45 मिनिटांत पोचते."

रज्जाकभाऊ, सोंगाड्यानं ती इमानानं वाचली. पंचेचाळीस. पुढचं काही बघायचं नाही.

आबांनी त्या दिवशी व्याह्यांना बोलावलं होतं, पॉलीहाऊस दाखवायला. विहीणबाई पैठणी नेसून गुलाबांच्या मधोमध उभ्या होत्या, फोटोसाठी. मी पोचले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, मिशीतून पाणी गळतंय, चष्मा धुक्यानं पांढरा, आणि हसू दाबताना खांदे हलतायत. मुख्य व्हॉल्व्ह सापडेपर्यंत सगळी वरात भिजली होती. मला वाटलं आता गेलं काम. आबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "व्हय गं पोरी, तूच का ती पंचेचाळीस मिन्टंवाली? येवडा गारवा ह्या प्लास्टिकखाली जल्मात न्हवता झाला." विहीणबाई म्हणाल्या, निदान फोटो तरी चांगले आलेत. काम गेलं नाही. उलट आबा आजही फोन करून विचारतात, पुढचा पाऊस कधी.

तुम्ही कडी लावली नाहीत त्या दिवशी. घरी येताना स्कूटर थांबवून एवढंच म्हणालात, "दार उघडं टाकलं म्हनून कायतरी आत आलं, येवडंच. पर आत आलं ते तुजंच पत्र निगालं, हे नशीब." आणि नियम केलात: चिठ्ठीत आकडा लिहायचा नाही. वेळ सांगायची तर अक्षरात. तेव्हापासून मी "अर्ध्या तासात" आणि "चहाच्या आत" असं लिहीत आले.

आता भांडण. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात, म्हणून मला पुरं करू द्या.

दुसरी पायरी, ग्रँट-पीटी. गेली काही वर्षं मी सांगत होते की आपल्या मशीनवर ती ओळ काहीच करत नाही. आपल्या लिनक्समध्ये खिडकी जन्मतानाच मालकाचं नाव आणि परवानगी घेऊन येते. ती ओळ जाते, हो ना म्हणून विचारते आणि परत येते. तुमचं म्हणणं, राहू दे. मी कारण विचारलं की तुम्ही म्हणायचात, "घर आपलं आसलं तरी आत जाताना खाकरावं." हे काय कारण झालं? मी म्हणायचे, प्रोग्राममध्ये जे काही करतं तेवढंच असावं. तुम्ही म्हणायचात, "मग नमस्कार बी काडून टाक. तो बी काय करत न्हाई." दोघांनाही भांडायची मजा येत होती, तोपर्यंत ठीक होतं.

त्या सोमवारी मी ती ओळ काढली. तुम्हाला न विचारता. तुम्ही नेहमीसारखे माझे बदल वाचायला बसलात आणि खुर्ची फिरवलीत.

"ही वळ कुटं गेली?"

"काढली. काही करत नव्हती."

"इचारलंस?"

"विचारायचं काय त्यात, भाऊ? नुसती बसून होती."

तुम्ही चष्मा काढलात. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुमचं काम हळू झालं होतं. दुपारनंतर तुम्ही नुसतेच पडद्याकडे बघत बसायचात. ते मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "जे नुसतं बसून आसतं ते काडायचं. मग मलाबी काडशील."

आणि मी म्हणाले, "बघू."

चेष्टेत म्हणाले हो. दहा वर्षं आपण तसंच बोलत आलो. पण शब्द बाहेर पडला आणि मला कळलं की तुम्हाला तो चेष्टेसारखा लागला नव्हता. तुम्ही खुर्ची परत फिरवलीत. मी चिठ्ठी टाकली, "चहा?" परवानगी नाही. कडी लावली होती तुम्ही. चहा येण्याआधीच मला निघायचं होतं. बहिणीच्या मुलीचं बारसं होतं लोणावळ्याला. दोन वाजता मी पिशवी उचलली, "येते" म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. कशासाठी हलवलीत ते कळलं नाही.

लोणावळ्यात तीन दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. मनात म्हटलं, कडी त्यांनी लावलीय, काढतील ते. फज मात्र घेतला, तुमच्या आवडीचा, अक्रोडाचा. गुरुवारी दुपारी भाभींचा फोन आला. जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. कुणाला त्रास नाही, धावपळ नाही. असं जाणं तुम्हालाच जमावं.

दफनाला बायका जात नाहीत, म्हणून मी भाभींजवळ बसून राहिले. सगळं गाव येऊन गेलं. प्रत्येकाकडे तुमची एक गोष्ट होती आणि प्रत्येक गोष्टीत कुणीतरी कशानं तरी भिजलेलं, भाजलेलं नाहीतर हसून पडलेलं. आबा आले होते. पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी सगळ्यांना पैठणीची गोष्ट सांगितली, आणि भाभी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. हसताना एकच विचार आत टोचत होता, की कडी निघाली होती का.

तर आज बसले. भाभी आत होत्या. माझ्या खिडकीतून मी तुमच्या खिडकीची माहिती मागितली. दहा अक्षरांची एक ओळ येते. पहिलं अक्षर खिडकीचं, मग मालकाची तीन, गटाची तीन, जगाची तीन. मला फक्त मधल्या तिन्हींतलं मधलं बघायचं होतं. तिथे रेघ असली तर कडी, लिहायचं अक्षर असलं तर उघडी. मी आधी पडद्यावर हात ठेवला. खरंच ठेवला. मग एकेक बोट काढलं.

अक्षर होतं.

तुम्ही मला ओळखता. मला लगेच शंका आली. खिडकी बंद करून नवी उघडली तर ती जन्मतःच उघडी असते, म्हणजे ते तुम्ही केलंत असं होत नाही. म्हणून मी बघितलं की तुम्ही आत कधी आलात. सोमवारी सकाळी. म्हणजे खिडकी तीच, कडी लावलेलीच. मग विचारलं की हिची परवानगी शेवटची कधी बदलली. मशीन तेही जपून ठेवतं.

सोमवारी, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी.

भाऊ, वीस मिनिटं. मी फाट्यावरून लोणावळ्याच्या गाडीत नीट बसलेही नसेन. चहासुद्धा आला नसेल. फजच्या डब्याला संध्याकाळपर्यंत कडी, आणि "बघू"ला वीस मिनिटं. त्यानंतरचे तीन दिवस दार उघडं होतं, आणि मीच येऊन वाजवून बघितलं नाही. याचं वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त जे वाटलं त्याला मी आनंदच म्हणेन. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं हसले आणि भाभी धावत आल्या.

त्यांना सगळं सांगितलं. कडी, दोनचा आकडा, वीस मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यो सोमवारी च्या पिताना म्हनत हुता, पोरगी नीट शिकली. माजं बी ऐकंना." मग म्हणाल्या, "लय खूश हुता." भाभी, हे तुम्ही नऊ दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर, असं मी म्हणणार होते. पण मीही त्यांना विचारलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून अक्रोडाचा फज काढला. तुमच्या वाट्याचाही खाल्ला. साखर बघायला आता कुणी नाही, आणि खरं सांगू, जरा जास्तच गोड होता.

मग प्रोग्राम उघडला. तुमचा शेवटचा बदल बुधवारचा. चार पायऱ्या पुन्हा चार झाल्या होत्या. ग्रँट-पीटी जागेवर, आणि तिच्यावर तुमची टीप, तुमच्या नेहमीच्या बोलीत: "ही वळ हितं कायबी करत न्हाई, वैशालीचं खरं हाय. तरी आसू दे. उद्या हा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर गेला तर तितं इचारावं लागंल."

तर भांडण असं संपलं. माझं खरं, आणि ओळ तुमची. तुमचंही खरं, कारण मी नंतर तपासलं. अशी मशीनं आहेत जिथे ती ओळ खरोखर काम करते, नाव लावते, परवानगी ठरवते, आणि ती नसेल तर पाहुणा रस्त्यावर. तुम्ही आता गेलात तिथे आत जाताना विचारावं लागतं का, मला ठाऊक नाही. लागत असेल तर तुम्ही खाकरून गेला असाल. ती ओळ मी पुन्हा काढणार नाही. टीपही नाही. पाटी मात्र बदलते, भाभींनी हो म्हटलंय. सोंगाडे करून मिळतील.

आता मशीन बंद करायचं आहे. भाभी दारात उभ्या आहेत. बंद केलं की तुमची खिडकी जाईल, नंबर रिकामा होईल आणि उद्या सकाळी जो पहिला येईल त्याला मिळेल. बहुतेक मलाच. त्याआधी मी तुमच्या उघड्या फटीतून एक चिठ्ठी टाकली. गटातली आहे मी, मला लिहिता येतं, तिकडचं वाचता येत नाही. चालेल. लिहिलं, "पोचते." किती मिनिटांत, ते लिहिलं नाही. आकडा लिहायचा नाही, हा तुमचाच नियम आहे.